ग्राफिक्स सॉफ्टवेअर शिकायचंय? आधी चित्र कशाचं बनलंय ते बघा

दहा फुटी बॅनर प्रिंट होऊन आला, उलगडला, आणि मधोमध असलेल्या लोगोच्या कडा फाटलेल्या. प्रत्येक अक्षराला जिन्यासारख्या पायऱ्या. स्क्रीनवर तोच लोगो अगदी स्वच्छ दिसत होता म्हणून मी निर्धास्त होते. मग बसून हिशोब केला. लोगोची फाइल होती ६०० पिक्सल, म्हणजे रंगाचे ६०० ठिपके, रुंद आणि बॅनरवर तो बसवला होता तीन फूट, म्हणजे ३६ इंच. ६०० भागिले ३६, एका इंचात जेमतेम १७ पिक्सल. एकेक पिक्सल दीड मिलिमीटरचा झाला, तो डोळ्याला दिसणारच ना. प्रिंटिंगवाल्याची चूक नव्हती, मशिनचीही नव्हती, लोगो ज्या प्रकारच्या सॉफ्टवेअरमध्ये काढायचा त्यात काढलाच नव्हता एवढंच.

म्हणून कुणी मला विचारलं की ग्राफिक्ससाठी कुठलं सॉफ्टवेअर शिकू, तर मी नाव सांगत नाही, आधी विचारते की काम काय आहे आणि ते चित्र ठिपक्यांचं हवंय की आकारांचं. हे एकदा डोक्यात बसलं की कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं, फाइल कशात सेव्ह करायची, इमेज का फाटते, कॉम्प्युटर का अडकतो, बहुतेक सगळ्याची उत्तरं आपोआप मिळायला लागतात.

आधी झूम करा

तुमच्याकडची कुठलीही इमेज उघडा आणि ८०० टक्के झूम करा. चौकोनी ठोकळे दिसले तर ती पिक्सलची. म्हणजे सॉफ्टवेअरने प्रत्येक ठिपक्याचा रंग तेवढा लिहून ठेवलाय, तिथे डोळा आहे का पान आहे का अक्षर आहे, त्याला काही पत्ता नसतो. आणि कितीही झूम केलं तरी कड धारदारच राहत असेल तर ती व्हेक्टर, तिथे सॉफ्टवेअरने ठिपके ठेवलेलेच नाहीत, या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत असा वळणारा कर्व्ह आहे आणि आत हा रंग भरायचाय असं गणित लिहून ठेवलंय, आणि तुम्ही झूम केलं की ते गणित परत नव्याने काढून दाखवतं.

फोटोशॉप, गिंप, क्रिटा ही पिक्सलवाली. इलस्ट्रेटर, कोरलड्रॉ, इंकस्केप ही व्हेक्टरवाली. गिंप, क्रिटा, इंकस्केप आणि थ्रीडीचं ब्लेंडर ही चारही फुकट आणि ओपन सोर्स आहेत, म्हणून खाली कृती सांगताना मी बहुतेक तीच घेतलीयेत, पण कल्पना सगळीकडे सारख्याच आहेत, मेनूतली जागा बदलते एवढंच.

फोटो सुधारायचाय किंवा ब्रशने चित्र रंगवायचंय तर पिक्सल. लोगो, आयकॉन, नकाशा, आकृती, कटिंग मशीनला द्यायची डिझाइन असेल तर व्हेक्टर, इथे तडजोड करू नका. पोस्टरसारख्या कामात दोन्ही लागतात, फोटो गिंपमध्ये तयार करायचा, मग तो इंकस्केपमध्ये आणून बसवायचा आणि अक्षरं तिथे टाकायची. पुष्कळ जण सगळं पोस्टर फोटोशॉपमध्येच करतात आणि शेवटी सगळं चपटं करून जेपीईजी पाठवतात, मग बारीक अक्षरं प्रिंटमध्ये धूसर येतात. ते टाळा.

पिक्सल आधी नव्हतेच

गंमत अशी की व्हेक्टर ही काही नंतर आलेली सुधारणा नाही, सुरुवातच तिथून झाली. १९६३ साली आयव्हन सदरलँडने अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात पीएचडीसाठी स्केचपॅड नावाचा प्रोग्रॅम लिहिला. टीएक्स-२ नावाचा खोलीभर पसरलेला कॉम्प्युटर, आणि माणूस स्क्रीनवर लाइट पेन टेकवून थेट रेषा काढतोय. तेव्हा मेमरी इतकी महाग होती की स्क्रीनवरचा प्रत्येक ठिपका लक्षात ठेवणं परवडणारच नव्हतं, त्यामुळे फक्त बिंदू आणि त्यांचे आपसातले संबंध साठवायचे. तुम्ही वेडावाकडा चौकोन काढायचा आणि सांगायचं की या बाजू समांतर कर, या काटकोनात आण, तो तसं करून द्यायचा. आणि एक आकार मास्टर म्हणून काढून त्याच्या कितीही प्रती लावता यायच्या, मास्टर बदलला की सगळ्या प्रती बदलायच्या.

ही शेवटची गोष्ट आजच वापरून बघा. इंकस्केपमध्ये एखादं फूल काढा, सगळे भाग ग्रुप करा, सिलेक्ट करून आल्ट डी दाबा, क्लोन तयार होतो. असे वीस क्लोन पसरवा आणि मग मूळ फुलाच्या एका पाकळीचा आकार बदला, वीसही फुलं बदलतात. ब्लेंडरमध्येही आल्ट डी नेच लिंक्ड कॉपी होते. कंट्रोल सी कंट्रोल व्ही मारून वीस सुट्या कॉप्या केल्या असत्या तर वीस ठिकाणी दुरुस्त्या करत बसायला लागलं असतं. साठ वर्षांपूर्वीची कल्पना आहे आणि अजून कितीतरी जणांना हे ऑप्शन माहीतच नसतात, मला याचं खरंच वाईट वाटतं कारण यात तासन् तास वाचतात.

ठिपक्यांचं रंगकाम नंतर आलं, मेमरी जराशी आवाक्यात आल्यावर. १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पार्क नावाच्या संशोधन केंद्रात रिचर्ड शूपने सुपरपेंट नावाचा प्रोग्रॅम केला, त्यात रंगांची पॅलेट होती, ब्रश होते. एक चित्र साठवायला साधारण तीन लाख बाइट लागायचे आणि तेवढ्यासाठी खास हार्डवेअर बांधायला लागलं. आज १२ मेगापिक्सलचा एक फोटो एक लेयर, म्हणजे चित्राचा एक थर, म्हणून उघडला की त्याचेच कच्चे ३ कोटी ६० लाख बाइट होतात, आणि तुम्ही दहा लेयर केले की दहापट. फोटोचं सॉफ्टवेअर अडकायला लागलं की लोक वैतागून दुसरं सॉफ्टवेअर शोधतात, बऱ्याचदा भानगड रॅमची असते, नको असलेले लेयर मर्ज करा, इमेज गरजेपेक्षा मोठी असेल तर आधीच छोटी करा.

पेन टूलची भीती घालवा

व्हेक्टर शिकताना सगळे जिथे अडकतात ती जागा म्हणजे पेन टूल. दोन हँडल, तिसरीकडे वळणारी रेषा, काही कळत नाही आणि माणूस सोडून देतो. हे टूल आलं कुठून ते कळलं तर हात जरा सैल होतो. गाड्यांच्या पत्र्यांची गोलाई कागदावर अचूक मांडायची म्हणून हे गणित शोधलं गेलं. फ्रान्समध्ये सिट्रोएन या गाड्यांच्या कंपनीत पॉल द कास्तेल्जोने १९५९ च्या सुमारास ते मांडलं, पण कंपनीने ते गुपित ठेवलं, आणि रेनॉ या दुसऱ्या कंपनीत काम करणाऱ्या पिएर बेझिएने साठच्या दशकात तेच वेगळ्या वाटेने करून जाहीर केलं, म्हणून आज त्याला बेझिए कर्व्ह म्हणतात. म्हणजे ते हँडल हे मुळात इंजिनियरचं हत्यार आहे, हाताने चित्र काढल्यासारखं ते वापरायला गेलात की बिनसतं. नोड म्हणजे रेषेवरचा बिंदू, हँडल म्हणजे त्यातून बाहेर आलेली दांडी, आणि हँडल सांगतं की या नोडपासून रेषा कुठल्या दिशेने निघणार आणि त्या दिशेला किती जोर लावणार. बस, एवढंच.

पेन टूलने सुरुवात करूच नका. गोलापासून करा, पाण्याचा थेंब काढू.

इंकस्केप उघडा, ई दाबून गोलाचं टूल घ्या, कंट्रोल धरून ओढा म्हणजे नीट गोल येईल. आता शिफ्ट कंट्रोल सी, म्हणजे ऑब्जेक्ट टू पाथ. दिसायला काहीच बदलत नाही पण आता तो गोल म्हणून राहिला नाही, नोड आणि हँडल असलेला पाथ झाला. एन दाबा, नोडचं टूल येतं, आणि गोलावर चार नोड दिसतील, वर खाली डावीकडे उजवीकडे. कुठल्याही नोडवर क्लिक केलंत की हँडल बाहेर येतील. इथे क्षणभर थांबून बघा, हँडलची लांबी गोलाच्या त्रिज्येच्या अर्ध्याहून किंचित जास्त आहे, त्रिज्या १०० असेल तर हँडल साधारण ५५. बेझिए कर्व्हने शंभर टक्के खरा गोल काढताच येत नाही, पण हे ५५ चं माप ठेवलं की चूक हजारात एका भागाहूनही कमी राहते, कुणाच्या डोळ्याला दिसत नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं, इतके दिवस ज्याला गोल म्हणत होते ते चार तुकडे जोडून केलेलं होतं.

आता वरचा नोड पकडून कंट्रोल धरून सरळ वर ओढा. अंड्यासारखं काहीतरी होईल. थेंबाला टोक हवंय, म्हणून वरच्या टूलबारमधून तो नोड कस्प करा, कस्प म्हणजे टोकाचा नोड, आणि मग त्याच्या दोन्ही हँडलवर कंट्रोल धरून क्लिक करा, हँडल नोडमध्ये जाऊन बसतात. टोक आलं. आता डाव्या आणि उजव्या नोडचं वर जाणारं हँडल जरा कमीजास्त करा, थेंब जाड होतो, बारीक होतो, ज्योतीसारखा होतो. पाच मिनिटं नुसतं हेच करत बसा. हँडल लांब केलं की पोट कसं फुगतं हे हाताला कळलं की पेन टूल शिकून झालं असं समजायला हरकत नाही, कारण पेन टूल म्हणजे हेच नोड एकेक करून स्वतः ठेवत जाणं.

नंतर बी दाबून पेन घ्या आणि एखाद्या पानाच्या फोटोवरून पान गिरवा. क्लिक करून सोडलं की टोक, क्लिक करून ओढलं की वळण. यात एकच पथ्य पाळा, नोड कमीत कमी ठेवा. नोड तिथेच जिथे आकार सर्वात वर, सर्वात खाली, सर्वात डावीकडे, उजवीकडे जातो किंवा जिथे टोक आहे. नवीन माणूस साध्या पानाला चाळीस नोड देतो आणि मग कड लाटा मारते, तेच पान सहा नोडमध्ये सुंदर येतं. ऑटोमॅटिक ट्रेसचं बटण आहे, ते मीही वापरते, पण लोगोसाठी नाही, कारण ते ठिपक्यांच्या पायऱ्यासुद्धा इमानदारीने ट्रेस करतं आणि शेकडो नोडचा पसारा हातात देतं. तो बॅनरवाला लोगो मी शेवटी बसून हातानेच परत गिरवला, गोल ते गोल म्हणून काढले, सरळ रेषा सरळ म्हणून काढल्या, आणि ती एकच फाइल पुढे छोट्या आयकॉनपासून भिंतीएवढ्या प्रिंटपर्यंत चालली.

फोटोवर काम: खोडू नका, झाका

आता पिक्सलच्या बाजूला येऊ. फोटोशॉपची सुरुवात १९८७ मध्ये झाली, थॉमस नॉल नावाच्या विद्यार्थ्याने त्याच्या मॅकच्या काळ्यापांढऱ्या स्क्रीनवर करड्या छटा दिसाव्यात म्हणून एक प्रोग्रॅम लिहिला, भाऊ जॉन त्यात आला, आणि १९९० साली अडोबीने तो बाजारात आणला. पण आज ज्याच्याशिवाय आपण पाऊल टाकत नाही ते लेयर त्यात १९९४ मध्ये आले. त्याआधी एक गोष्ट दुसरीवर चिकटवली की चिकटली, परत सुटी करता यायची नाही, सगळा खेळ सिलेक्शन जपून ठेवण्यावर. गिंप आला १९९६ ला, अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी केलेला.

लेयर सगळेच वापरतात, लेयर मास्क मात्र फार थोडे, आणि माझ्या मते फोटोच्या कामातली शिकण्यासारखी सर्वात मोठी गोष्ट तीच. समजा माणसाच्या मागचं बॅकग्राउंड काढायचंय. इरेजर घेऊन खोडायला लागलात की खोडलेलं गेलं, दोन दिवसांनी लक्षात आलं की कान कापला गेलाय तर कंट्रोल झेड तिथपर्यंत पोचत नाही. त्याऐवजी लेयरवर राइट क्लिक करून ॲड लेयर मास्क घ्या, पांढरा मास्क निवडा. आता त्या मास्कवर काळा रंग लावाल तिथला फोटो दिसेनासा होईल, पांढरा लावाल तिथे परत येईल, करडा लावलात तर अर्धवट दिसेल. फोटोला धक्काही लागत नाही. डी दाबलं की रंग काळा-पांढरा होतात, एक्स दाबलं की अदलाबदल, त्यामुळे एका हाताने ब्रश आणि दुसऱ्या हाताने एक्स असं चाललं की काम भराभर होतं. फक्त रंगवायच्या आधी लेयर पॅनेलमध्ये बघा की मास्कचं छोटं चित्र सिलेक्ट आहे ना, फोटोचं सिलेक्ट असेल तर चेहऱ्यावरच काळे फराटे येतील.

केसांजवळ थोडा धीर धरा. आधी सिलेक्शन टूलने ढोबळ आकार घ्या, त्यावरून मास्क करा, मग मऊ कडेचा छोटा ब्रश घेऊन कडेने फिरा. शरीराच्या कडेला ब्रश जरा कडक, केसांना मऊ, एकच ब्रश सगळीकडे फिरवला की माणूस कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. आणि एक तपासणी जरूर करा, कटआऊटच्या खाली एक गडद रंगाचा लेयर टाका आणि एक फिका, आलटून पालटून बघा. फिक्यावर झकास दिसणाऱ्या कटआऊटला गडद रंगावर पांढरी कड दिसते, जुन्या बॅकग्राउंडचे उरलेले पिक्सल असतात ते, मास्क एकदोन पिक्सल आत ओढला की जातात.

रंग आणि उजेड सुधारतानाही हाच विचार. फोटोशॉपमध्ये ॲडजस्टमेंट लेयर वापरा, म्हणजे कर्व्हज किंवा लेव्हल्स या उजेड कमीजास्त करायच्या टूलांचा बदल वेगळ्या लेयरवर राहतो आणि नंतर कधीही मागे घेता येतो. गिंपमध्ये ही सोय बरीच वर्षं नव्हती, मार्च २०२५ ला आलेल्या ३.० मध्ये फिल्टर असे मूळ चित्राला धक्का न लावता लावता येतात, जुनं व्हर्जन असेल तर मूळ लेयरची डुप्लिकेट करून त्यावर प्रयोग करा. शार्प करणं अगदी शेवटी, फायनल साइज झाल्यावर, आधी शार्प करून मग छोटं केलंत की ते वाया जातं.

सेव्ह करताना काम चालू असलेली फाइल सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्येच ठेवा, फोटोशॉपचं पीएसडी, गिंपचं एक्ससीएफ, क्रिटाचं केआरए, जे असेल ते. जेपीईजी म्हणजे द्यायची प्रत. जेपीईजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सलचे ठोकळे करून त्यातले डोळ्याला न जाणवणारे बारकावे टाकून देतं, आणि उघडून बदल करून परत सेव्ह केलं की आणखी थोडं टाकतं, चारपाच वेळा असं झालं की अक्षरांभोवती माश्या बसल्यासारखा कचरा दिसायला लागतो. पारदर्शक बॅकग्राउंड किंवा स्क्रीनशॉट असेल तर पीएनजी, त्यात काही टाकून दिलं जात नाही. लोगो वेबसाइटसाठी द्यायचाय तर एसव्हीजी, ते २००१ पासून वेबचं अधिकृत व्हेक्टर फॉरमॅट आहे.

थ्रीडीत एकदा कप करून बघाच

थ्रीडी बघून लोक घाबरतात, पण तिथेही पाया तोच, बिंदू आणि त्यांच्यामधले पृष्ठभाग. बराचसा पाया सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात घातला गेला. आंरी गुरोने १९७१ मध्ये दाखवलं की चपट्या तुकड्यांचा पृष्ठभाग छटा मिसळून गुळगुळीत कसा भासवायचा, पुढे बुई तुओंग फाँगने चकाकी आणली, एड कॅटमुलने पृष्ठभागावर चित्र चढवायची पद्धत काढली, आणि १९७५ मध्ये मार्टिन न्यूएलने घरातल्या चहाच्या किटलीचं मॉडेल बनवलं, ते पुढे जगभर टेस्टिंगसाठी वापरलं गेलं, थ्रीडीएस मॅक्स या थ्रीडीच्या सॉफ्टवेअरमध्ये आजही किटली तयार आकार म्हणून मिळते.

आपण कप करू. ब्लेंडर उघडा, समोरचा क्यूब एक्स दाबून काढून टाका, शिफ्ट ए, मेश, सिलेंडर. टॅब दाबला की एडिट मोड, ३ दाबलं की फेस मोड, फेस म्हणजे पृष्ठभागाचा एक तुकडा. वरचा गोल फेस निवडा, आय दाबून माउस जरा आत घ्या, आत अजून एक गोल तयार होतो, ती कपाची जाडी. मग ई दाबून खाली ओढा, पण तळाच्या जरा वर थांबा. कप पोकळ झाला. टॅब दाबून बाहेर या. कानासाठी शिफ्ट ए, मेश, टोरस, म्हणजे कड्यासारखा आकार, तो आडवा येतो म्हणून आर एक्स ९० एंटर, उभा राहतो. एसने छोटा करा, जी एक्सने कडेला सरकवून भिंतीत अर्धा घुसवा, आणि कपाच्या आत आलेले बिंदू एडिट मोडमध्ये निवडून डिलीट करा. परत बाहेर येऊन कपावर राइट क्लिक, शेड स्मूथ. कड काळपट दिसली तर त्याऐवजी शेड ऑटो स्मूथ घ्या. ते एक बटण दाबल्यावर तुकड्यातुकड्यांचा कप एकदम गुळगुळीत होतो, बिंदू मात्र तितकेच असतात, हेच ते गुरो आणि फाँगचं काम.

ऑब्जेक्ट मोडमध्ये, म्हणजे एडिट मोडच्या बाहेर असताना, आकार लहानमोठा केला असेल तर कंट्रोल ए दाबून स्केल अप्लाय करायची सवय लावा. नाहीतर पुढे बेव्हल, म्हणजे कडेची धार मोडून केलेली गोलाई, एका बाजूला जाड आणि एका बाजूला बारीक येतो आणि कारण काही सापडत नाही, मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली होती.

ब्लेंडरचा इतिहास मला मनापासून आवडतो. मागची कंपनी बंद पडली तेव्हा ब्लेंडर बनवणाऱ्या टॉन रोझेंडालने लोकांकडून एक लाख युरो जमवून २००२ मध्ये सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं, पैसे जमायला सात आठवडे लागले. २०२५ मध्ये ज्या लॅटव्हियन ॲनिमेशनपटाला ऑस्कर मिळालं तो ब्लेंडरमध्ये केलेला होता.

बाकी ग्राफिक्स म्हणजे पोस्टर आणि सिनेमा एवढंच नाही. घराचा किंवा मशीनच्या पार्टचा नकाशा काढायचा असेल तर ऑटोकॅड किंवा फ्रीकॅड, तिथे दिसण्यापेक्षा माप महत्त्वाचं. भूगोलाच्या नकाशांसाठी क्यूजीआयएस. सीटी स्कॅनच्या शेकडो कापांमधून हाडाचं थ्रीडी चित्र उभं करणं हेही ग्राफिक्सच. काम मापाचं असेल तर चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये जबरदस्ती करू नका. आणि एआयने बनवलेली चित्रं बहुतेक पिक्सलचीच असतात, त्यामुळे तसा लोगो करून घेतलात तरी नीट गिरवून व्हेक्टर करायचं काम उरतंच.

प्रिंटला द्यायच्या आधी

हातात धरून बघायची गोष्ट असेल तर ३०० पिक्सल प्रति इंच धरा, ए४ पानाला २४८० बाय ३५०८ पिक्सल होतात. लांबून बघायच्या बॅनरला १०० सुद्धा चालतात, माझ्यासारखे १७ नाही. छोटा फोटो रिसाइझमध्ये जाऊन मोठा केला तर आकडा वाढतो, माहिती वाढत नाही.

कापायच्या रेषेच्या बाहेर तीन मिलिमीटर ब्लीड ठेवा, म्हणजे बॅकग्राउंड तेवढं बाहेर जाऊ द्या, नाहीतर कटिंग केसभर सरकलं की कडेला पांढरी पट्टी येते. स्क्रीन उजेडाने रंग दाखवते, आरजीबी, आणि प्रिंट चार शाईंनी होतं, सीएमवायके, त्यामुळे भडक हिरवा आणि विजेसारखा निळा कागदावर मळकट होणारच, आधीच सीएमवायके प्रीव्ह्यू लावून बघा. काळी बारीक अक्षरं फक्त काळ्या शाईत आहेत ना तेही तपासा, आरजीबीचा काळा चारही शाईंमध्ये फुटतो आणि एखादी शाई जरा सरकली की अक्षराला रंगीत सावली पडते. इंकस्केप मुळात आरजीबीत काम करतं, म्हणून छापायची मोठी कामं स्क्रायबस या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन तिथून पीडीएफ काढलेली बरी.

देवनागरी मजकूर असेल तर आधी जोडाक्षरं बघा. क्ष, त्र, र्य, वेलांटी जागेवर आहे का. फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटरमध्ये अक्षरं तुटलेली दिसली तर फॉन्टला दोष द्यायच्या आधी टेक्स्टच्या सेटिंगमध्ये भारतीय किंवा दक्षिण आशियाई भाषांसाठीचा पर्याय चालू आहे का ते पाहा, तो चालू केल्यावर बहुतेक वेळा सगळं जागच्या जागी बसतं. मजकूर दोघांनी वाचून पक्का झाला की फाइलची एक कॉपी करा आणि त्या कॉपीतच अक्षरांचे कर्व्हज करा, म्हणजे अक्षरं टाइप केलेला मजकूर न राहता नुसते आकार होतात आणि समोरच्याकडे तो फॉन्ट नसला तरी फरक पडत नाही. मूळ फाइल तशीच ठेवा, कर्व्हज झाल्यावर एक काना चुकलेला सापडला तरी टाइप करून सुधारता येत नाही.

मग पीडीएफ काढा, ज्या सॉफ्टवेअरमध्ये बनवली ते बंद करा, दुसऱ्याच कुठल्यातरी व्ह्यूअरमध्ये ती उघडा आणि ८०० टक्के झूम करून लोगोच्या आणि सर्वात बारीक अक्षरांच्या कडेवरून सावकाश फिरा. ठोकळे दिसले तर तो भाग परत करा. नाही दिसले तर पाठवून द्या.